कागदावर नसलेला उजेड

"बल्बसुद्धा?" पास्कूनं विचारलं.

"बल्बसुद्धा," आप्पा म्हणाले.

आमच्या दारात पास्कू बार्देस्करची प्रवासी भरणारी वडापची जीप उभी होती आणि माझे सासरे काठी टेकत तिच्याभोवती फिरत होते. विम्याची मुदत संपत आली की आप्पा गाडी दारात बोलावून घ्यायचे. बाकीचे एजंट फोनवर काम उरकायचे. आप्पा मात्र मुलगी बघायला आल्यासारखे गाडी पुढून, मागून, खालून न्याहाळायचे आणि कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यात जे जे नव्हतं ते मला लिहायला लावायचे. मी पायरीवर मांडीवर पॅड घेऊन बसलेली. टपावर सामानाचा कठडा, लिही. मागं ओढायचा हूक, लिही. रुंद टायर, लिही. मग त्यांनी पास्कूला दिवे लावायला सांगितले आणि समोरच्या गोठ्याच्या अंधारात पांढराफटक उजेड पडला. आतली म्हैस बावरून उठून उभी राहिली.

पास्कूचं म्हणणं असं, की समोरून येणारा जो तो डोळ्यांत पांढरा उजेड मारतो, मग आपणच पिवळ्या मिणमिणत्या दिव्यांवर किती दिवस काढायचे? कठडा समजू शकतो, टायर समजू शकतो. पण बल्ब म्हणजे काय गाडीत बदल झाला? उद्या आरशाला लिंबू-मिरची बांधली तर तीही कळवायची का?

"लिंबू-मिरची नको," आप्पा शांतपणे म्हणाले. "बल्ब मूळ गाडीतला नाही, तेव्हा बल्ब सांगायचा. उद्या काही झालं तर कंपनी पहिलं तेच काढेल. आपण आधीच सांगून बसलो असलो की तिचं तोंड बंद."

"आणि हप्ता वाढला तर?"

"वाढला तर वाढला. झोप तर लागेल."

पास्कूनं माझ्याकडे बघून कपाळावर हात मारून घेतला आणि सही केली. वर मला म्हणाला, "वहिनी, तुमचा सासरा देवाच्या दारात गेला तरी तिथं सांगंल, हा पाय मूळचा न्हाई."

आप्पा हसले. पायावरून त्यांना कुणी बोललेलं चालत नसे, पास्कू सोडून.

गडहिंग्लजच्या पुढं, आजऱ्याच्या अलीकडं आमचं करंजगाव. मी इथं सून म्हणून आले तेव्हा सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं, नवरा साखर कारखान्यात पाळीवर, आणि घरात दिवसभर मी आणि आप्पा. माझी जीभ तेव्हाही आतासारखीच होती. माहेरी त्याबद्दल बोलणी खाल्ली होती. आप्पांनी मात्र महिन्याभरात मला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, हेमा, तू चांगली भांडतेस, कंपनीशी भांडायचं काम आजपासून तुझं. या एका वाक्यावर मी त्यांची झाले. खोटं कशाला बोलू, नवऱ्यापेक्षा माझं त्यांच्याशी जास्त जमायचं.

त्यांना लहानपणी पोलिओ झालेला. डावा पाय काठीसारखा. तरुणपणी एसटीत चढायचं तर कंडक्टरनं काखेत धरून उचलायचं, उतरायचं तरी तेच. माणसं चांगली होती, कुणी कधी नाही म्हटलं नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा. मग त्यांनी जुनी मारुती घेतली. क्लच डाव्या हातानं दाबता येईल असा दांडा कोल्हापुरातल्या एका मिस्त्रीकडून बसवून घेतला. तो दांडा कागदोपत्री मान्य व्हावा म्हणून त्यांनी परिवहन कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. मिस्त्री म्हणाला होता, नुसती चालवा, कोण बघतंय. पण आप्पांना ती गाडी लपून चालवायची नव्हती. शेवटी शिक्का बसला, विम्यावर नोंद झाली, आणि आप्पा वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा कुणालाही न विचारता घराबाहेर पडले. हे वाक्य त्यांचं आहे, माझं नाही. ते ते पुन्हा पुन्हा सांगायचे, आणि दर वेळी तेवढ्याच आनंदानं.

तेव्हापासून सगळं सांगून टाकायचं, हा त्यांचा धर्मच झाला. आसपासच्या गावांत त्यांची त्यावरून टिंगल व्हायची. कुणी गाडीला नवीन शीटकव्हर घातलं की चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणायचंच, आप्पांना कळवलं काय रे? पण टिंगल करणारेच अडले की आमच्या पायरीवर येऊन बसत, कारण आप्पांनी भरलेला अर्ज कंपनीनं परत पाठवला असं कधी झालं नव्हतं.

पास्कूनं तर त्याचीही गंमत करून टाकली. थांब्याथांब्यावर प्रवासी भरताना तो ओरडायचा, "बसा, बसा, बल्बसकट कागदावर असल्याली गाडी हाय." बाया हसायच्या. त्या रस्त्यावरच्या पोरासोरांनासुद्धा माहीत झालं, की पास्कूच्या जीपला पांढरे दिवे आहेत आणि ते सांगितलेले आहेत.

त्या वर्षाच्या थंडीत आप्पा जरा बदलले होते. संध्याकाळी अंगणात तुळशीच्या कट्ट्याला अडखळायचे, ताटाबाहेर हात घालायचे. उंबऱ्याशी एकदा माझ्यावरच आदळले. मी काही विचारायच्या आत म्हणायचे, पाय दुखतोय आज. आमच्या घरात पायाचं कारण सगळ्याला पुरायचं. कुणी त्यापुढं विचारायचंच नाही, अशी वर्षानुवर्षांची सवय होती. डिसेंबरात कंपनीची बैठक आहे म्हणून ते एकटे कोल्हापूरला जाऊन आले. येताना माझ्यासाठी खाजा आणला आणि रात्री जेवले नाहीत.

जोतिबा होडगे गेला तो त्यानंतर काही आठवड्यांनी. तो डेअरीला दूध घालायचा. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून संध्याकाळच्या धारांचं दूध गोळा करत यायचा. साळुंक्यांच्या ओढ्यावर अरुंद पूल आहे. त्याच्या तोंडाशी तो दिवेलागणीच्या सुमाराला गाडीसकट खाली दगडांत गेला. दुसऱ्या गाडीचा धक्का नाही, ओरखडा नाही. शेतातून परतणाऱ्या लोकांनी त्याला वर काढलं. दवाखान्यात तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता आणि बराच वेळ शुद्धीवर होता.

त्याच्या मोटरसायकलचा विमा आमच्याकडचाच. सुतक फिटल्यावर त्याची बायको शालन दिराला घेऊन आमच्याकडे आली. माझ्याच वयाची बाई. डोकीवरचा पदर हातानं घट्ट धरून खुर्चीच्या अगदी कडेला बसली. आप्पांनी दिराला बाहेर चहा द्यायला लावला आणि तिच्याशी हळू आवाजात बोलले. काय काय कागद लागतील, कुठं सह्या, किती दिवस लागतील, सगळं. ते झाल्यावर त्यांनी विचारलं, झालं कसं? अर्जात लिहावं लागतं.

शालननं नवऱ्याचे शब्द जसेच्या तसे जपून आणलेले होते.

"डोळ्यात पांढरं पांढरं झालं म्हणाले. गाडी मधनंच आली. जोरात न्हवती, हळू हुती. हळू हाय म्हणून ह्यांनी कडंला घेतली, म्हटलं ती बी सरकंल. सरकलीच न्हाई. जसं काय समोर कुणी न्हाईच."

आप्पांचा हात टेबलावर होता तिथंच राहिला.

"थांबली नाही गाडी?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. तशीच हळूहळू गेली म्हणं." मग तिनं पहिल्यांदा मान वर केली. "आप्पा, ह्या भागातल्या सगळ्या गाड्या तुमच्या हाताखालनं जात्यात. असले पांढरे दिवे कुणी घातल्यात ते तुम्हास्नी ठाऊक आसंल. मला पैशाचं न्हाई. त्या माणसानं निदान खाली उतरून बघायला पायजे हुतं. एवढंच मला त्याला इचारायचंय."

आप्पांनी टेबलावरचे कागद एकावर एक रचले. मग म्हणाले, की एकाचं दुसऱ्याला सांगता येत नाही, तसा नियम आहे. तुझा दावा मात्र मी मंजूर करून आणतो. तिनं वाकून नमस्कार केला. आप्पांनी पाय मागं घेतले.

मला वाटलं, पास्कूला सांभाळून घेण्यासाठी ते गप्प राहिले. त्या रस्त्यावर पांढरे दिवे म्हटलं की दुसरं कुणाचं नाव येणार? मी मनातल्या मनात त्यांचं कौतुकही केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छपरीत आमच्या मारुतीचं बॉनेट उघडून उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, बल्ब उडालाय. त्यानंतर त्यांनी गाडी बाहेर काढली नाही.

पास्कूला पुढच्या बाजारच्या दिवशी धरलं. आधी पोलिसांनी नाही, लोकांनी. पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर त्यानं नेहमीप्रमाणे जीप लावली आणि गर्दीतल्या कुणीतरी म्हटलं, पांढऱ्या दिव्याची गाडी हीच. तेवढं पुरलं. होडग्यांचे भाऊबंद होते, पण नुसते बघायला आलेलेही त्यात हात धुऊन घेत होते. दिव्यांच्या काचा फोडल्या. स्टिअरिंग धरून बसलेल्या पास्कूला ओढताना त्याचा उजवा हात दाराच्या चौकटीत अडकला आणि मनगटाच्या वर मोडला. पोलीस आले आणि त्यांनी त्यालाच नेलं. फौजदारांनी कंपनीच्या शाखेत विचारणा केली, तर तिथून उत्तर आलं, की त्या रस्त्यावरच्या गाड्यांपैकी पांढऱ्या दिव्यांची नोंद फक्त या एका जीपची आहे. नोंद होती, कारण आप्पांनी ती करायला लावली होती. ज्या शंभर जणांनी बल्ब घालून कुणाला सांगितलं नव्हतं, ते आपापल्या घरी जेवत होते.

त्या संध्याकाळी पास्कू त्या रस्त्यानं गेलेला होता, पण उजेड असताना. त्याच्या जीपमध्ये तेव्हा माणसं होती. त्यातला एकही साक्षीला आला नाही. ज्याला त्याला होडग्यांच्या गल्लीतून जावं लागतं.

आप्पांनी ऐकलं, आणि जेवायचे जवळजवळ बंद झाले. मी रोज म्हणत होते, तुम्ही ठाण्यात जा, सांगा की हा माणूस सगळं सांगणारा आहे, पळून जाणारा नाही. ते म्हणायचे, जातो, पाय दुखतोय. मला त्यांचा राग येऊ लागला. एवढे दिवस मी त्यांना कधी भिताना पाहिलं नव्हतं.

मग पास्कूची बायको रोझालिन आली. ती बसली नाही. चहाही नको म्हणाली. दारातच उभी राहून बोलली.

"आप्पा, मी भांडायला आले न्हाई. एवढंच सांगाय आले, त्यो नको म्हणत हुता. बल्ब कशाला सांगायचा म्हणत हुता. तुम्ही सांगाय लावलासा. आता तुम्हीच काय ते सांगा."

ती निघून गेली, आणि आप्पा मला म्हणाले, "हेमा, रिक्षा बोलाव."

मी म्हटलं, गाडी आहे की दारात.

"रिक्षा," ते म्हणाले.

ठाण्याची इमारत जुनी, जाड दगडी भिंतींची, खिडक्यांना लाकडी झडपा. ऊन बाहेर मावत नव्हतं, पण आत गार होतं. फौजदारांच्या खोलीत भिंतीलगतच्या बाकावर शालन आणि तिचा दीर बसले होते, जबाबावर सही करायला बोलावलेले. रोझालिन आमच्या आधीच येऊन दाराशी उभी होती. फौजदार आप्पांना बघून खुर्चीतून उठले. त्यांच्या स्वतःच्या गाडीचा विमा आप्पांनीच काढलेला.

आप्पा बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "पास्कूला सोडा. ती गाडी माझी होती."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांच्याकडे. मग ते अगदी मायेनं म्हणाले, "आप्पा, बसा. पाणी घ्या. पास्कूबद्दल तुम्हाला वाईट वाटतंय, ते कळतंय मला."

आप्पांनी पुन्हा सांगितलं. डिसेंबरात कोल्हापुरात पांढरे बल्ब घातले होते. त्या संध्याकाळी उत्तूरहून येताना उशीर झाला. पुलावर आपणच होतो.

फौजदारांनी ड्रॉवरमधून कागद काढले. हसलेच ते. "तुमच्या गाडीचा विमा हा बघा. क्लचचा दांडा लिहिलाय. सीटखालची उंच गादी लिहिलीय. दरवाजाला काठी अडकवायची कडीसुद्धा लिहिलीय. बल्ब कुठं आहे? तुम्ही बल्ब घातला असता तर घरी जायच्या आत कंपनीला फोन केला असता. सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे ते."

"तो सांगितला नाही."

"का?"

"सांगितला असता तर का घातला म्हणून विचारलं असतं."

"मग सांगायचं की. पास्कूनं सांगितलंच ना, समोरचे डोळ्यांत उजेड मारतात."

फौजदारांनी हवालदाराला आमच्या घरी पिटाळलं. तो फटफटीवरून अर्ध्या तासात परत आला आणि म्हणाला, साहेब, मारुतीला पिवळेच बल्ब आहेत, कंपनीचे. फौजदारांनी हात पसरले. बघा, म्हणाले. शालनचा दीर तोंडातल्या तोंडात म्हणाला, की आप्पा देवमाणूस आहेत, दुसऱ्याचं पाप अंगावर घ्यायला निघालेत. रोझालिन रडायला लागली. आप्पा खरं सांगत असतील असं तिलाही वाटत नव्हतं. वाटत होतं ते मला एकटीला, कारण छपरीतली ती सकाळ मी पाहिली होती.

"बल्ब मी काढले," आप्पा म्हणाले. "जोतिबाची ही बायको घरी येऊन बोलून गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. विहिरीत टाकले." मग त्यांनी थोडा दम घेतला, आणि जे त्यांनी पोराला सांगितलं नव्हतं, मला नाही, ते सरकारी खोलीत परक्या माणसांसमोर सांगितलं. "मला अंधार पडला की दिसत नाही. कडेचं तर काहीच नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरनं सांगितलंय, वाढत जाणार, इलाज नाही. गाडी बंद करा म्हणाला. मी त्याच दिवशी येताना बल्ब घेतले. म्हटलं, उजेड वाढवला की भागेल."

"आणि भागलं?"

"समोर पांढरी भिंत दिसायची. तिच्यातनं मधोमध चालवायचो. कड दिसत नसे म्हणून मधोमध." मग ते म्हणाले, "मला किटल्यांचा आवाज आला होता. वाटलं, दूधवाला बाजूनं गेला."

मी शालनकडे बघू शकले नाही. मला आप्पांची दया आली का? नाही, तेव्हा नाही आली. तेव्हा मला नुसता संताप आला. जगाला बल्बसकट सगळं सांगायला लावणारा हा माणूस, आणि यानं एकच गोष्ट लपवली, आणि तीच. पायासाठी शिक्का मिळवता येतो. डोळ्यांसाठी मिळणार नव्हता, आणि पुन्हा कंडक्टरच्या काखेत जायचं त्यांना मरणाहून भारी वाटत होतं. मला ते कळत होतं, आणि कळूनही राग जात नव्हता.

फौजदारांचा मात्र अजून विश्वास बसेना. ते म्हणाले, की रातांधळा माणूस महिनोन्महिने गाडी चालवतो आणि घरच्यांनाही कळत नाही, हे कोर्टात कुणी ऐकून घेणार नाही. असं कुणीही म्हणेल. आप्पा म्हणाले, मग बघून घ्या. झडपा लावा.

पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण मला शेवटी त्या खोलीतच थांबायचंय. पास्कू सुटला. त्याचा हात वाकडाच जुळला, गिअर टाकताना कळ यायची, म्हणून वर्षभरात त्यानं जीप विकली. एकदाच आमच्याकडे आला, आणि आप्पांना म्हणाला, "आप्पा, हितनं पुढं मी कुणाला कायबी सांगणार न्हाई." नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हणाला, पण हसला नाही. आप्पांचा परवाना गेला, एजन्सी गेली. खटला चालू असतानाच डोळे दिवसाही जाऊ लागले. शेवटची सहा-सात वर्षं ते ओसरीवर बसून होते, आणि शौचाला जायचं तरी माझा नाहीतर नातवाचा हात धरावा लागायचा. त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधीच बोललो नाही, आणि आता ते नाहीत. शालनचा दावा मी एकटीनं कंपनीशी भांडून मंजूर करून आणला. कागद द्यायला तिच्या दारात गेले तेव्हा तिनं ते हातात घेतले आणि दार लावून घेतलं.

तर हवालदारानं झडपा लावल्या. एक, मग दुसरी, मग दाराचा पडदा. खोलीत काळोख झाला असं म्हणता येणार नाही. फटींतून ऊन येत होतं. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी घरात असतो तेवढा उजेड होता. मला टेबलावरचा ग्लास दिसत होता, फौजदारांच्या शर्टाची बटणं दिसत होती. आप्पा त्या उजेडात मान किंचित वर करून उभे होते आणि मला एकदम दिसलं, की त्यांचे डोळे कशावरच टेकलेले नाहीत. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हातानं टेबल चाचपलं. टेबल त्यापुढं वीतभर दूर होतं.

फौजदारांनी हवालदाराला खूण केली, की पुढं हो, यांच्यासमोर उभा राहा. हवालदार हलायच्या आत बाकावरून शालन उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दीर तिचा हात धरायला गेला, तो तिनं सोडवून घेतला. अनवाणीच होती, चपला बाहेर काढलेल्या. पावलांचा आवाज झाला नाही. ती येऊन आप्पांच्या समोर उभी राहिली, इतकी जवळ की त्यांचा श्वास तिच्या तोंडावर जात असेल. पदर डोक्यावरून खाली आला होता तो तिनं तसाच राहू दिला, आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. आप्पा तिच्या तोंडाकडेच बघत होते.

"आप्पा," फौजदारांनी विचारलं. त्यांचा आवाज आता वेगळाच येत होता. "तुमच्यासमोर कोण उभं आहे?"

आप्पांनी नीट बघितलं. प्रामाणिक माणूस बघतो तसं, घाई न करता.

"कोणी नाही," ते म्हणाले.

शालन तशीच उभी राहिली. मग हळू म्हणाली, "त्या सांजंला बी असंच बघत आला हुतासा व्हय."

आप्पांच्या हातातली काठी पडली. त्यांनी चाचपडत दोन्ही हात उचलले आणि ते आवाजाच्या दिशेनं जोडले, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत मान खाली घातली. तोवर ती बाजूला होऊन बाकावर जाऊन बसली होती. ते मोकळ्या जागेपुढं हात जोडून उभे राहिले, आणि आमच्यापैकी कुणीही त्यांना ते सांगितलं नाही.